बॅटरीवर फोडलेला नारळ

“उतरू नका, कडूबाई! आहे तशाच बसून राहा!” कामगारांचे पास बघणाऱ्या रत्नमाला मॅडम काचेच्या दारातूनच ओरडल्या.

कडूबाई उतरली. बंद पडलेली गाडी वर बसून राहिल्याने चालू होते, असे तिने सत्तावन्न वर्षांत कुठे पाहिले नव्हते.

गवत कापायचा तो विजेवरचा छोटा ट्रॅक्टर झेंड्याच्या खांबापाशी उभा होता. तिने दोनदा किल्ली फिरवली होती. समोरच्या पट्टीवर लाल दिवा लागायचा आणि विझायचा, बस्स. मागे कंपनीच्या दारापर्यंतचे गवत एकसारखे कापून झाले होते. पुढे कंपाउंडच्या भिंतीपर्यंत ते घोट्याच्या वर वाढलेले होते. आज सोमवार होता आणि शनिवारी परदेशातले पाहुणे यायचे होते.

मॅडमच्या मागून पाच-सहा जण आले. सगळ्यांचे शर्ट पांढरे, सगळ्यांच्या गळ्यात पट्टे. एकाने चाकाला बुटाने टोचून पाहिले. दुसऱ्याने धक्का मारून चालू होईल म्हणून सांगितले आणि खरेच चौघे मागून ढकलायला लागले. इंजिनच नसलेली गाडी ही इंजिनिअर मंडळी खांबापासून गुलाबाच्या वाफ्यापर्यंत ढकलत गेली. दोन गुलाब मोडले, तेव्हा थांबली.

“काल चार्जिंगला लावला होता का?” मॅडमनी विचारले.

“कालच नाय, रोज लावती. सकाळी हिरवा दिवा बघून मंगच पिन काढती.”

“मग तुम्ही काहीतरी चुकीचं दाबलं असेल.”

“व्हय. शीट दाबलं बसून.”

एकजण हसला आणि मॅडमकडे पाहून गप्प झाला. कडूबाईला या माणसांचा राग येत नसे. राग यावा एवढी ती तिला मोठी वाटतच नव्हती. उचलली जीभ लावली टाळ्याला, आणि त्याचाच पगार. चोवीस वर्षे ती हेच बघत आली होती. साहेब बदलले, पट्ट्यांचे रंग बदलले, अक्कल तेवढीच राहिली.

चिकलठाण्याच्या त्या कारखान्यात मोटारींसाठी रबराचे भाग बनत. आत काय चाले ते कडूबाईला ठाऊक नव्हते. तिचा संबंध बाहेरच्या हिरवळीशी. पाच बाया एका रांगेत उकिडव्या बसून विळ्याने ती कापत. दारापासून भिंतीपर्यंत जायला दोन दिवस लागत. भिंतीला टेकल्या की आठवड्याने पुन्हा दारापासून सुरुवात.

जूनमध्ये ट्रॅक्टर आला. सर्जेराव साहेब हे कारखान्याचे मुख्य. त्यांनी परदेशी गिऱ्हाइकांना कबूल केले होते म्हणे, की आमच्याकडे बागेतसुद्धा धूर निघणार नाही. विळ्याचा धूर निघत होता की काय, कोण जाणे. विकणाऱ्या माणसाने विचारले, “चालवणार कोण?” चौघी पदर तोंडाला लावून हसल्या. कडूबाईचे गुडघे त्या दिवशी फार दुखत होते आणि समोर गादीची सीट होती. ती जाऊन बसली. तेवढ्यावरून ती ड्रायव्हर झाली आणि पुढच्या सोमवारी बाकी चौघींचे फाटकाचे पास बंद झाले, कामच गेले. त्यांत तिची जाऊ शालू होती. एका अंगणात चुली असूनही तेव्हापासून शालू तिच्याशी एक शब्द बोलली नव्हती.

कडूबाईने एक गोष्ट मात्र कुणालाच सांगितली नव्हती. ट्रॅक्टर तिला आवडला होता, मनापासून आवडला होता. आयुष्यात पहिल्यांदा ती गवताच्या वर बसली होती.

मंगळवारी दुपारी विकणाऱ्या कंपनीचा मेकॅनिक आला. आकाश त्याचे नाव. बोलायला मोकळा, शहरातला. त्याने पुढचे बॉनेट उघडले, बॅटरीच्या खोक्याचे स्क्रू काढले आणि झाकण उचलून आत टॉर्च मारला.

“अरे बाप रे! ये क्या है?”

आत तारांच्या जोडांवर हिरवट-पांढरा थर चढला होता. एका कोपऱ्यात लालसर चिखल वाळून बसला होता. आकाशने पक्कडीने आतून काहीतरी ओढून काढले आणि तळहातावर धरले. नारळाची शेंडी होती. मागोमाग करवंटीची टिकलीएवढी चीप निघाली.

“मावशी, बॅटरीत चटणी वाटली काय कुणी?”

कडूबाईने मान वळवून वरच्या मजल्यावरच्या खिडकीकडे पाहिले. सर्जेराव साहेबांचा पडदा किंचित हलला.

खंडेनवमीची गोष्ट होती. कारखान्यात त्या दिवशी सगळी यंत्रे धुऊन पुसून त्यांना हळदकुंकू, झेंडूच्या माळा. प्रत्येक यंत्रापुढे साहेबांच्या हातून नारळ. शेवटी वरात बागेत आली. सर्जेराव साहेब गढीवरचे. वडिलांच्या दारात तीन ट्रॅक्टर होते आणि दर दसऱ्याला नारळ इंजिनावरच फुटायचा, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्यांनी नारळ हातात घेतला आणि विचारले, “याचं इंजिन कुठंय?”

“साहेब, याला इंजिन नसतं. बॅटरी असते,” कुणीतरी म्हणाले.

“मग बॅटरीवर फोडू. उघडा ती.”

चौघे धावले. बॉनेट उघडले, खोक्याचे झाकण काढून कडूबाईच्या हातात दिले. जे झाकण उघडू नका म्हणून विकणारा तीनदा सांगून गेला होता, तेच.

“साहेब, पाणी आत जाईन,” कडूबाई म्हणाली. “चाकापशी फोडा ना. चाकबी त्याचंच हाये.”

साहेबांनी तिच्याकडे पाहिलेसुद्धा नाही. “देवाच्या पाण्यानं काही होत नाही, बाई.”

खोक्याच्या लोखंडी काठावर नारळ फुटला. पाणी सगळे आत. वर साहेबांनी हळदकुंकू वाहिले, तेही मूठ भरून. टाळ्या वाजल्या, फोटो निघाला. कडूबाईने पदराने जमेल तेवढे पुसले, पण तारांच्या खाली पदर पोचत नव्हता. महिनाभर ट्रॅक्टर चालला तोच चमत्कार.

आकाशने कागद भरला. “मावशी, मी एवढंच लिहितो की आत पाणी गेलं. पाणी गेलं की कंपनी बॅटरी बदलून देत नाय. कुणी ओतलं ते तुमच्या लोकांनी बघावं.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “तुम्ही नाय ना ओतलं?”

“म्या झाकण धरलं व्हतं.”

“मग झाकण धरणाराच जातोय, मावशी. मी लई कंपन्या बघितल्या.”

बुधवारी सकाळी मॅडमनी तिला आत बोलावले. तिच्यासाठी खुर्ची ओढली, चहा मागवला. चोवीस वर्षांत आतला चहा तिला पहिल्यांदा मिळत होता, तेव्हाच ती सावध झाली.

मॅडमनी टेबलावर टाइप केलेला कागद सरकवला. “वाचता येतं ना तुम्हाला?”

“येतं. मधल्या सुट्टीत शिकलो आम्ही. शालूनं शिकवलं समद्या बायांला.”

ती बोट ठेवून वाचू लागली. ‘मी, कडूबाई मल्हारराव बिडगर, बाग कामगार, लिहून देते की सूचना नसताना मी ट्रॅक्टर पाण्याच्या पाइपने धुतला. त्यामुळे बॅटरीत पाणी जाऊन ती निकामी झाली. ही माझी चूक आहे.’

वाचून व्हायला वेळ लागला. तेवढ्या वेळात मॅडमचा चहा संपला.

“पाइपातून नारळाची शेंडी येती व्हय, मॅडम?”

“कडूबाई, हे बघा. वरच्या लोकांना कागद लागतो. नुसती सही करायची. तुम्हाला काही होणार नाही, मी आहे ना. नवी बॅटरी येईपर्यंत तुम्हाला कँटीनमध्ये टाकते.”

“आन् सही नाय केली तर?”

मॅडमनी पेनाचे टोपण काढले, लावले. “तुमचा पास तीस तारखेला संपतो. पुढचा पास मी एकटी देत नाही. साहेबांची सही लागते त्यावर.”

म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि फाशीचा दोर संन्याशानेच वळून द्यायचा. कडूबाईला हसू आले. एवढा मोठा कारखाना, एवढे इंजिनिअर, आणि एका नारळाला घाबरून सगळे गवतवालीच्या पदराआड लपायला निघाले होते.

“मॅडम, बाहीर बोर्डावर फोटू हाये. साहेबाच्या हातात नारळ, खाली बॅटरी. तोच जोडा कागदाला.”

“कुठला फोटो?”

कडूबाई उठून बाहेर आली. स्वागतकक्षाच्या भिंतीवर सूचना फलक होता. खंडेनवमीपासून मधोमध तो फोटो लागला होता. त्यात साहेब हसत होते, टाळ्या वाजवणारे सगळे दिसत होते, आणि कडेला झाकण धरलेला हिरव्या बांगड्यांचा एक हात होता. तो हात कुणाचा, हे फक्त तिला माहीत होते. येता-जाता ती बघायची. आज तिथे चार टाचण्या होत्या. बाकी काही नव्हते.

मॅडम तिच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी टाचण्यांकडे पाहायचे टाळले. त्यांचा चेहरा पडला होता, पण पडलेल्या चेहऱ्याचा कुणाला उपयोग नसतो.

“म्या सही करायला लई उशिरा शिकलेय, मॅडम,” कडूबाई म्हणाली. “खोट्या कागदावर नाय वापरायची ती.”

“विचार करा. उद्यापर्यंत कागद माझ्याकडे आहे.” मग, जणू काही झालेच नाही अशा आवाजात, “आणि त्या जुन्या बायका? त्यांना तीन दिवस बोलावता येईल का? शनिवारी पाहुणे आहेत. गवत तसंच राहिलंय.”

कडूबाईने फोन लावला. स्वतःसाठी नाही. तीन दिवस का होईना, चौघींना काम मिळेल म्हणून. पाच महिन्यांनी ती जावेशी बोलत होती. शालूने सगळे ऐकून घेतले.

“तुझ्या ट्रॅक्टरला सांग ना,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिचे काही चुकले नव्हते. कडूबाईला ते लागले मात्र फार. मॅडमच्या कागदाने जे झाले नव्हते ते या एका वाक्याने झाले. नळापाशी जाऊन तिने तोंड धुतले, दोनदा धुतले.

मग ती अवजारांच्या खोलीत गेली. कोपऱ्यात खराट्यांच्या मागे तिचा विळा होता. माहेरचा, कन्नडच्या बाजारात लोहाराकडून घडवून घेतलेला, बाभळीच्या मुठीचा. जूनपासून त्याला कुणी हात लावला नव्हता. पायरीच्या दगडावर पाणी शिंपडून तिने त्याला धार लावली आणि झेंड्याच्या खांबापाशी, ट्रॅक्टर जिथे थांबला होता तिथे, ती उकिडवी बसली. गुडघे कडाडले.

वरून बघणाऱ्यांना वाटले, बाई वरमली. कचाट्यात आली, आता उद्या सही करेल. मॅडमनी तर शिपायाच्या हाती तिच्यासाठी पाण्याची बाटली पाठवली. कडूबाईने ती गुलाबाच्या वाफ्यात ओतली, मोडलेल्या दोन झाडांना.

त्यांच्यासाठी ती बसलीच नव्हती. तिच्या बापाचा मेंढरांचा कळप होता. लोकर कातरायच्या दिवसांत कितीही पाऊस येवो, पाहुणा येवो, अंगात ताप असो, हातातली मेंढी पुरी कातरल्याशिवाय तो उठत नसे. अर्धी कातरलेली मेंढी कळपात सोडणे हा त्याला त्या मुक्या जनावराचा अपमान वाटे. लोक बघून हसतात ते मेंढीला, म्हणायचा, कातरणारा कोण ते कुणी विचारत नाही. आणि इथे दोन दिवस हिरवळ तशी पडली होती, एक अंग कापलेले आणि एक अंग वाढलेले. कडूबाईला ते बघवत नव्हते.

बुधवार गेला, गुरुवार गेला. गुरुवारी मॅडम कागद घेऊन हिरवळीच्या काठापर्यंत आल्या. सँडल मातीत रुततील म्हणून पुढे आल्या नाहीत.

“कडूबाई, शेवटचं विचारते.”

“शेवटचंच हाये, मॅडम. भिंतीपस्तोर.”

तिने मान वर केली नाही. शुक्रवारी तिला उठताना खांबाचा आधार घ्यावा लागला. घरी नवऱ्याने, मल्हाररावाने, ओट्यावर बसल्या बसल्या विचारले, “काम जाणार आन् तू त्यांचंच गवत कापती? येडी का खुळी?”

“त्यांचं कुठलं गवत? ते कापलं काय आन् वाढलं काय, त्यांला कव्हा कळलंय?”

शनिवारी सकाळी दहाला पाहुणे आले तेव्हा भिंतीकडचा शेवटचा वाफाभर पट्टा राहिला होता. बंद ट्रॅक्टरवर कापडी फलक टाकून तो सायकल स्टँडमागे लपवला होता. फलकावर ‘हरित भविष्याकडे’ असे लिहिलेले होते. सर्जेराव साहेब पाहुण्यांना घेऊन बागेच्या वाटेने निघाले. भिंतीशी बसलेली कडूबाई त्यांना उशिरा दिसली. त्यांनी मॅडमकडे असे पाहिले की मॅडमचा रंगच उडाला.

पण पाहुण्यांतली एक उंच बाई थांबली. तिने कडूबाईकडे पाहिले, विळ्याकडे पाहिले, मग पलीकडे पसरलेल्या हिरवळीकडे. ती काहीतरी बोलली आणि वाटेवरून उतरून थेट गवतात आली. खाली बसून तिने कापलेल्या गवतावरून हात फिरवला आणि फोटो काढू लागली.

सर्जेराव साहेब हुशार माणूस. आपल्या चुकीवरून नव्हे, पण दुसऱ्याच्या कौतुकावरून त्यांना लगेच शिकता येई. ते पुढे झाले आणि इंग्रजीत बोलू लागले. कडूबाईला त्यातला ‘ट्रॅडिशन’ तेवढा कळला, कारण तो त्यांनी चारदा म्हटला. पाहुणे माना हलवत होते. धूर नाही, वीज नाही, आवाज नाही. साहेबांनी ही सगळी योजनाच जणू स्वतः बसून आखली होती. त्यांच्या फोटोग्राफरनेही फोटो काढले.

“बाई, जरा इकडे बघ. हस,” साहेब म्हणाले.

कडूबाईने शेवटची मूठ कापली, ढिगावर टाकली आणि विळा लुगड्याला पुसला. ती हसली नाही. या माणसाला तिने कालपर्यंत नुसता मूर्ख समजले होते. आज तिला कळले की तो मूर्ख नाही, आणि मग तर त्याच्याविषयी उरलेसुरलेही काही राहिले नाही.

तीस तारखेला तिचा पास संपला. पुढचा मिळाला नाही. फाटकावरच्या मशीनला पास लावला की हिरवा दिवा लागायचा, तो लाल लागला, एवढेच. लाल दिव्याचा अर्थ तिला आता ठाऊक होता.

फाटकावर हनुमान होता. तिच्या माहेरच्या भावकीतला, तिला आत्या म्हणणारा. त्याने नजर चोरली.

“आत्या, आत नाय सोडता येत.”

“काम करायला नाय आले. माझा विळा ऱ्हायलाय खोलीत.”

“मंग व्हिजिटर म्हणून एंट्री करावी लागंन.” त्याने जाड रजिस्टर पुढे ओढले. त्याचा आवाज ओशाळला होता. “आण, मी लिवतो तुझं नाव.”

“ऱ्हाऊ दे. मला येतं.”

पेन घट्ट धरून तिने लिहिले. नाव, गाव. ‘कोणाला भेटायचे’ या रकान्यात साहेब लोकांची नावे खालपर्यंत लागली होती. तिने थोडा विचार केला आणि लिहिले, ‘विळा’. हनुमानने वाचले आणि फाटक उघडले.

खोलीकडे जायची वाट स्वागतकक्षावरून होती. फलकावर, त्या चार टाचण्यांत, नवा फोटो लागला होता. मोठा, रंगीत. भिंतीशी उकिडवी बसलेली बाई, हातात विळा, मागे स्वच्छ कापलेली हिरवळ. या वेळी नुसता हात नव्हता, सगळी कडूबाई होती. खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. ती परत येईपर्यंत हनुमान तिला न्यायला तिथे आला होता. विळा फडक्यात बांधता बांधता तिने विचारले, “काय लिवलंय रे?”

“‘धूरमुक्त बाग. आमची परंपरा.’”

“आन् खाली?”

“साहेबाचं नाव हाये. संकल्पना म्हणून.”

“माझं?”

हनुमानने पुन्हा एकदा वाचल्यासारखे केले. “नाय, आत्या.”

कडूबाई फोटोच्या जवळ गेली. स्वतःच्या चेहऱ्याकडे तिने पाहिलेच नाही. मागच्या हिरवळीवरून, दारापासून भिंतीपर्यंत, तिची नजर फिरली. कुठे एक काडी उभी नव्हती.

“कातरलंय मातर बरोबर,” ती म्हणाली.

फाटकावर हनुमानने नियमाप्रमाणे फडके सोडून विळा पाहिला आणि स्वतःच्या हाताने पुन्हा बांधून दिला. रजिस्टर वळवून तिच्यापुढे धरले.

“बाहीर जायची सही, आत्या. हितं.”

रकाना बोटभर होता. कडूबाईने त्यात ‘कडूबाई’ लिहिले, जागा संपली. मग ती थांबली नाही. शेजारचा रकाना ओलांडून, समासाची लाल रेघ ओलांडून, पानाच्या काठापर्यंत तिने मल्हारराव आणि बिडगर सावकाश लिहून काढले, पेन खाली ठेवले आणि जालना रोडच्या दिशेने चालू लागली.